इस्माईलचाचांचा ठोकळा

या सदरातले गूढ अनुभव वाचून मी बहुतेक वेळा हसतो. आमच्या घरात देव्हारा नव्हता, अंगारा-धुपारा नव्हता. त्यातून मी फिजिक्सवाला... तरीही हे लिहितोय.

बहात्तरचा दुष्काळ. मी मुंबईला एका अणुभट्टीच्या डिझाइन सेक्शनमध्ये होतो. न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर बनत होता — भट्टीतला न्यूट्रॉनचा झोत नमुन्यावर सोडायचा, ते कसे विखुरतात ते मोजायचं. त्यातला स्फटिक धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्याचं डिझाइन माझ्याकडे होतं. तिरकी खाच, तीन भोकं. मार्चमध्ये ड्रॉइंग संपवून रजेवर गावी, मुरूमला आलो. एक प्रत सोबत आणली... आणायला नको होती.

दुपारी सहकारी तेलगिरणीत गेलो. करडई पिकलीच नव्हती, गिरणी बंद. आमच्या शेजारचे इस्माईलचाचा, तिथले टर्नर, धातू कातायच्या लेथपाशी नुसते बसलेले. कौतुकानं त्यांच्यापुढं ड्रॉइंग पसरलं. चाचा बघतच राहिले. मग उठून पेटीतून एक ठोकळा काढला.

"ह्यो म्या दिवाळीच्या आधी केलाय. जुन्या पिस्टनातून."

"कशासाठी, चाचा?"

"काय की बाबा. हाताला काम न्हाय... माप डोक्यात आलं, केलं."

दिवाळीला माझ्या कागदावर एक रेघही नव्हती. तिथलाच व्हर्नियर लावून मापं घेतली. खाच तीच, कोन तोच. फक्त तिसरं भोक माझ्या डोक्यातल्या मापापेक्षा दोन मिलीमीटर सरकलेलं. ड्रॉइंग तपासलं — तिथंही सरकलेलं! माझी वजाबाकी चुकली होती. चूकसुद्धा जुळत होती.

चाचांनी ठोकळा मला देऊन टाकला. मुंबईला येऊन मी चूक दुरुस्त केली आणि खुळ्यासारखं सगळं साहेबांना सांगितलं. चौकशी बसली.

"चुका आपोआप जुळत नसतात," साहेब म्हणाले. "एक तर तुम्ही त्याचं उतरवलंत, नाहीतर त्याला ड्रॉइंग आधीच दिलंत."

खेड्यातला टर्नर आपल्या मनानं असलं काही करील, यावर तर सगळे हसले. नोकरी वाचावी म्हणून मी लिहून दिलं — ड्रॉइंग दाखवून ठोकळा मीच करवून घेतला. साफ खोटं. तरी मला स्टोअरमध्ये टाकलंच. स्पेक्ट्रोमीटर उभा राहिला, चालला. त्याच्या कागदांत माझं नाव कुठंही नाही.

ते माप चाचांच्या डोक्यात कुठून आलं, याचं उत्तर इतक्या वर्षांत मला सापडलेलं नाही. खूप उशिरा, चाचा थकल्यावर, मी काय लिहून दिलं ते त्यांना सांगितलं.

"तुला त्यांनी इचारलं तरी, बाळा," ते म्हणाले. "मला कुणी बोलवलंच न्हाय. बोलवलं असतं, तर म्या त्यांच्यापुढं लेथवर दुसरा करून दाखवला असता."