झोपवलेली विहीर

ऑफिसात तिला सगळे शंकाबाई म्हणत, तेही तोंडावर. तेलाबरोबर जमिनीतून खारं पाणी वर येतं. कंपन्यांना ते पुन्हा खोल दाबून टाकायचं असतं, आणि तशी परवानगी द्यायची की नाही, हे शंकाबाई ठरवायची. आसपास एखादी जुनी तेलविहीर नीट बंद केलेली नसेल, तर दाबलेलं पाणी आणि वायू नेमके तिच्यातूनच वर येणार. म्हणून प्रत्येक जुनी विहीर सिमेंटने भरलीय याची खात्री पटेपर्यंत ही बाई सही करत नसे. साहेब डोक्याला हात लावून बसायचे.

एकदाच तिने खात्री करून घेतली नाही. तिच्या आईच्या घराखालीच एक विहीर होती. वडील तेलविहिरी खोदणारे. ती बंद करून त्यांनीच वर घर बांधलेलं. "आपल्या घराखालची मी केव्हाच झोपवली," असं ते सांगायचे. तपासायचं तर स्वयंपाकघराची फरशी उखडावी लागणार, आणि आईने त्याला साफ नकार दिला. वडिलांच्या शब्दावर तरी काय शंका घ्यायची? तिने सही ठोकून दिली.

पाणी दाबायला सुरुवात झाली आणि काही आठवड्यांनी आईचा फोन आला.

"अगं, तुझे बाबा शिट्टी वाजवतायत."

बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आईचं डोकं फिरलं की काय, या धास्तीने शंकाबाई रजा टाकून भर दुपारी घरी पोचली.

आई स्वयंपाकघरात फरशीला कान लावून पडली होती. चेहऱ्यावर लाजरं हसू. "ये, ऐक."

शंकाबाईने वाकून ऐकलं. खरोखरच शिट्टी होती. बारीक, लांबलचक, मध्येच थांबायची आणि पुन्हा त्याच सुरावर यायची. बाबा दाढी करताना अशीच वाजवायचे. मग फरशीच्या सांध्यातली ओल तिच्या बोटाला लागली. तिने बोट जिभेला लावलं. खारट.

"आई, बाबांनी सिमेंट भरलं होतं ना? झोपवली म्हणायचे ते!"

"सिमेंट भरलं की ते 'मारली' म्हणायचे," आई शांतपणे म्हणाली. "झोपवली म्हणजे नुसता ओंडका ठोकायचा आणि वर माती लोटायची. पुढेमागे तेल लागलं तर उठवता यावी म्हणून. एवढंही माहीत नाही तुला?"

जगावर शंका घेत फिरली आणि घरातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला नाही. शंकाबाईला स्वतःची भयंकर चीड आली. शेगडीवर चहा उकळत होता. तिने धावत जाऊन शेगडी बंद केली.

"ऊठ, आधी बाहेर चल! खालून वायू येतोय, घर उडेल."

आई हलेना. "इतक्या वर्षांनी आलेत ते," ती म्हणाली, "आणि मी उठून जाऊ?"

शंकाबाईने तिच्या काखेत हात घातले आणि तिला ओढतच दाराशी आणलं. शिट्टी थांबली. आईने उंबऱ्यावर पाय रोवला, मान वळवली आणि रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून हळूच म्हणाली,

"आलेच हं."