सरक गं जरा

माधवनगरच्या आमच्या शाळेत फोन आला तेव्हा मी नववीच्या तासाला निघाले होते. "मेढ्याच्या साबळेबाई गेल्या गं," पलीकडून शाळेतली जुनी मैत्रीण म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि वर्गात जाऊन वर्तुळाचा धडा पुढे शिकवला. बरं काय म्हणतात अशा वेळी! पण खरंच काही वाटलं नाही. महिना होत आला, मेढ्याला जाऊन आले, बाईंच्या घरी चहा पिऊन आले... डोळे कोरडे ते कोरडेच.

नव्वदच्या सुमारास मी बाईंकडे नववीला होते. सहामाहीला गणितात आपटले आणि वडिलांनी सांगून टाकलं, "आता नापास झालीस तर साळा बंद. लय झालं शिकणं." बाईंची शनिवारची रीत मात्र न्यारी होती. फळाभर गणितं लिहायच्या आणि म्हणायच्या, "आपापलं निवडा. कसं सोडवायचं तेबी तुमीच ठरवा." जिचं सुटेल तिच्या हातात खडू द्यायचा आणि स्वतः तिच्या बाकावर जाऊन बसायचं. शेजारणीला म्हणायचं, "सरक गं जरा."

मी तळ्याचा वेडावाकडा नकाशा निवडला. त्याचं क्षेत्रफळ काढायचं होतं. हुशार मुली त्याच्या वाटेला गेल्या नाहीत, कारण त्याला सूत्रच नव्हतं. मला तर एरवीही कुठलं सूत्र आठवत नसे! मी नकाशा बुटाच्या खोक्यावर उतरवून कापला, त्याच पुठ्ठ्याचा मोजून एक चौरस कापला आणि दोन्ही पेठेतल्या सोनाराकडून तोलून आणले. चौरसाच्या जितकी पट वजन, तितकी पट क्षेत्रफळ. पुढच्या शनिवारी हे सांगितलं तेव्हा वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. पुठ्ठा उजेडाकडे धरून म्हणाल्या, "व्हय, पर ह्यो सगळीकडं सारखाच जाड हाय, हे कशावरनं?"

तोवर मला प्रश्न विचारले जात ते येत नाही हे दाखवायला. हा प्रश्न खरा होता. मी खोक्याच्या चारी बाजूंचे सारख्या मापाचे तुकडे कापून पुन्हा तोलून आणले; वजन सारखंच भरलं. बाईंनी खडू दिला आणि माझ्या जागेवर जाऊन बसल्या. वार्षिकला मी पास झाले. वडील दहावीची पुस्तकं घेऊन आले.

परवा माझ्या वर्गातली एक मुलगी चाचरत उठली. "बाई, मी येगळ्याच रीतीनं केलंय. चालंल?" मी तिला खडू दिला, तिच्या बाकाशी गेले, शेजारणीला म्हणाले, "सरक गं जरा." ती सरकली. मला पुरेल एवढी जागा झाली. तरी मी आणखी आत सरकून बसले, बाकाची कड मोकळी ठेवून. कुणासाठी, ते लक्षात आलं... आणि फळ्यावरचं काही दिसेनासं झालं.