आर्यनच्या लॉगिनमधली प्रणाली

गेल्या महिन्यात सकाळच्या उमरेड बसमध्ये होते, तेव्हा शिक्षण विभागाच्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला. गणिताच्या ऑनलाइन कोर्समधून आमच्या शाळेच्या आर्यनची नागपूरच्या शिबिरासाठी निवड! आनंदाच्या भरात मी शेजारच्या अनोळखी बाईंनाही सांगून टाकलं... आणि मग जरा थबकले. आर्यन? गणितात?

मी उमरेडकडच्या एका गावात सातवीला शिकवते. आर्यन पोरगा गुणी, कबड्डीत तर एक नंबर, पण अपूर्णांक दिसला की त्याला तहान लागते.

शाळेत पोचल्यावर त्याला बोलावून अभिनंदन केलं. तो मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, ते माह्यं नाही. प्रणालीनं केलं."

प्रणाली त्याच्याच वर्गात, त्याच्या शेजारच्या घरात राहते. आईवडील मजुरीला जातात, घरी एकच फोन आणि तोही बटणांचा. आर्यनची आई वनिताताई रोज संध्याकाळी स्वयंपाकाला लागल्या की आपला फोन तिच्या हातात देतात. ती शेजारच्या फोनवर धडे बघते, एवढं मला ठाऊक होतं. पण तिथे अॅप आर्यनच्या लॉगिनवर उघडं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पोरगी त्यांच्या दारासमोरच्या ओट्यावर बसून धडे बघायची, टेस्ट द्यायची... आणि मार्क चढायचे आर्यनच्या नावावर. रिपोर्टमध्ये तिच्या स्वतःच्या नावासमोर एकच शब्द होता, 'निष्क्रिय'.

शाळा सुटायच्या वेळी, बातमी ऐकून वनिताताई स्वतः आल्या. हाताला कणीक तशीच होती. "मॅडमजी, माह्या पोराचं नाव काढा न. अभ्यास त्या पोरीनं केला, मी रोज पाहून राहिली. मंग शिबिरात हा काहून जाईन?"

आपल्या मुलाचं नाव काढा म्हणून भांडायला आलेली आई मी नोकरीत पहिल्यांदा पाहिली.

मी लगेच ऑफिसला फोन केला. डेटा बघणारे सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, सिस्टीम लॉगिन ओळखते. समोर कोण बसलंय ते तिला नाही दिसत. अन् रिपोर्ट वर गेला, आता लॉक आहे." मी म्हटलं, मग तिची समोर बसवून परीक्षा घ्या. तर म्हणाले, "अशी तरतूद नाही."

पुढच्याच आठवड्यात एक साहेब शाळा बघायला आले. मी प्रणालीला फळ्याशी उभं केलं. साहेबांनी एक समीकरण दिलं, तिनं सोडवलं. दुसरं जरा अवघड दिलं, तिनं तेही सोडवलं, वर "सर, हे दुसऱ्या पद्धतीनं पण येते" म्हणून तेही करून दाखवलं. साहेब मनापासून खूश झाले. सोबतच्या माणसानं फोटो काढले.

मग मी सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, मान हलवली. "हुशार आहे मुलगी. पुढच्या वर्षी बघू."

आमची शाळा सातवीपर्यंतच आहे, साहेब... हे वाक्य मी बोलेपर्यंत गाडीचं दार लागलं होतं.

शिबिराला आर्यन गेला नाही. वनिताताईंनी पाठवलंच नाही. "दुसऱ्याच्या मेहनतीवर माह्यं लेकरू मिरवत नाही जी," एवढंच म्हणाल्या. मी प्रणालीला न्यायची परवानगी मागितली, तर गेटवर नाव जुळणार नाही असं उत्तर आलं. ती जागा रिकामी राहिली. आर्यनपुढे 'गैरहजर' लागलं, आणि शाळेला खुलासा मागितला गेला.

या मंगळवारी त्याच कोर्सच्या आढाव्याची मीटिंग होती नागपूरला. हॉलमध्ये एसी, पडद्यावर रंगीत तक्ते. शेवटी 'ऑनलाइन शिक्षणाची यशोगाथा' अशी स्लाइड आली... आणि पडदाभर आमची प्रणाली! खडू धरलेला हात, दोन वेण्या, फळ्यावर तिचं समीकरण. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. विचारलं, "सर, या मुलीचं नाव काय?"

स्टेजवरच्यांनी कागद चाळले. ते साहेबही तिथेच होते, ते पाण्याची बाटली उघडत राहिले.

मी म्हटलं, "प्रणाली. तुमच्या रिपोर्टमध्ये ती निष्क्रिय आहे."

दोन-चार जण हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा. स्टेजवरून आवाज आला, "मॅडम, तुमचा मुद्दा नोट केला. वेळ कमी आहे..." आणि स्लाइड बदलली.



दुसऱ्या दिवशी प्रणालीनं विचारलं, "मॅडम, माहा फोटो लावला म्हणे नागपुरात? काहून?" मी म्हटलं, तू छान गणित केलंस म्हणून. ती लाजली, खूश झाली.

आता त्या खुलाशाचा ऑनलाइन फॉर्म समोर उघडा आहे. विद्यार्थी गैरहजर का, याला तीनच पर्याय... आजारी, स्थलांतर, पालक उदासीन. यातलं एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. आज शेवटची तारीख आहे, आणि ज्या बाईनं आपल्या लेकराचा फुकटचा मान परत केला, तिला उदासीन म्हणायला माझा हात धजत नाही.

वनिताताई, तुमचे आभार. खरी माहिती या सगळ्यात फक्त तुम्ही मायलेकांनी दिलीत.