तिच्या ताटाकडं न बघता

मी खळ्यावर होतो. धुकं अजून उठलं नव्हतं. समोरचा डोंगर दिसत नव्हता, बैल नुसते घुंगरांच्या आवाजावरून कळत होते. तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आबा, सुजाता उठंना," एवढंच म्हणाला. मी म्हणालो, "झोपू दे की तिला." ... त्याला आता पाच आठवडे झाले. तरी सकाळी खळ्याकडं गेलो की वाटतं, ती अजून झोपलीच आहे आणि कुणी उगाच हाका मारू नयेत.

सुजाता माझी नात. एकोणीस वर्षांची. दहावीपर्यंत आंदर मावळात माझ्याजवळ वाढली, कारण तिचे आईबाप कुसगावला, हॉटेलच्या नोकरीत. नाव मीच ठेवलं. आमच्या विहारात एक चित्र आहे. उपासानं हाडं वर आलेला सिद्धार्थ, आणि त्याच्यापुढं खिरीची वाटी धरलेली सुजाता. चार वर्षांची असताना तिनं त्या चित्राकडं बोट करून विचारलं, "आबा, ह्यांला घरी कुणी जेवाय वाढत न्हाई?" ते मी गावभर सांगत फिरलो. मी चौथी शिकलेला माणूस. नातीच्या हुशारीवर माझाच तोरा फार.

आमच्याकडं भात गिरणीवर नेलं की शेवटचं पोतं मोजल्यावर घरातलं पोर काट्यावर उभं करतात. जुनी गंमत. वर्षाचं पीक आणि वर्षाचं पोर, दोन्ही कसं भरलं ते लोकांनी बघायचं. सुजाता दरसाल उड्या मारत चढायची. दहावीच्या वर्षी मागं सरली. "नको आबा, मी मोठी झालेय." मी ऐकतो कुठला. "चढ गं, लाजतीस काय," म्हणून दंडाला धरून चढवली. गिरणीवाला ओरडला, "आबा, पोतं हलकं पडलं की तुमचं." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. कुणीतरी मोबाईल धरला होता. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला, तिच्या वर्गातल्या पोरांकडं गेला. आणि मीही चार जणांना बोलावून दाखवला. नात खात्यापित्या घरची दिसते, यात लाजण्यासारखं काय, असं मला वाटायचं.

पुढं कॉलेजला ती कुसगावला गेली. सुट्टीत आली की ओट्यावर बसून स्वतःचे फोटो बघायची. वलवणच्या धरणाकाठी काढलेले, मागं धुकं आणि मधे ती. एकदा बघितलं तर बोटानं फोटोतली कंबर आत ढकलत होती, कुंभार फिरत्या मडक्याला बोट लावतो तशी.

"ही कोण गं?"

"मीच की आबा."

"तू न्हाईस. ही उपाशी दिसती."

ती गोड हसली. मी टोचून बोललो होतो आणि तिला ती शाबासकी वाटली, हे मला फार उशिरा समजलं.

त्या वर्षी नव्या भाताच्या जेवणाला आली. वाफाळता भात, वर तूप, घरभर वास. तिनं घास ताटातल्या ताटात फिरवला आणि म्हणाली, "मी जेवून आलेय." मी ताटावरून उठलो. "माझ्या शेतातला भात तुला गोड लागंना, तर माझ्याशी बोलू नगंस." मग मी अबोला धरला. तिचे फोन आले, घेतले नाहीत. भाताची लावणी उरकली तरी बोललो नाही. मला वाटलं, पोरीची ऐट आहे, उतरेल.

भात पोटरीला आलं, लोंब्या पोटात धरल्या, तेव्हा माझी सून मंगल, सुजाताची आई, एकटीच एसटीनं आली. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "आबा, ती तुमच्या भातावर रुसलेली न्हाई. तिला जेवताच येईना झालंय. आजार हाय हा, डॉक्टर म्हणत्यात."

"भुकेचा कसला आजार? आमी भूक काढली तवा ताटात काय नव्हतं."

"तिच्या ताटात सगळं हाय, आबा. तरी ती उपाशी मराय लागलीय."

मी टोपी घातली आणि तिच्याबरोबर निघालो. सुजातानं दार उघडलं, तर तिचा स्वेटर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. "बोलणार का आता?" तिनं विचारलं. मी टोपी काढली आणि आत गेलो.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी उपचारांबरोबर एक गोष्ट बजावून सांगितली. तिच्या ताटाकडं बघायचं नाही. किती खाल्लं विचारायचं नाही. शेजारी बसून आपण जेवायचं आणि दुसरं काहीबाही बोलायचं. सुजाता म्हणाली, आबांकडं राहते. मंगल दोघांचं करायला आली. जन्मभर मी पहिल्या पंगतीला एकटा जेवलेला माणूस; आता नातीच्या शेजारी, दाराकडं तोंड करून तिरका बसू लागलो. म्हैस कशी दावं तोडते, बिबट्या कुणाला दिसला, सांगत राहायचो. बाहेर धुकं अंगणापर्यंत यायचं. मागं चमचा थांबायचा, लय वेळ थांबायचा... मग पुन्हा वाजायचा. त्या आवाजासाठी मी खोटे बिबटेसुद्धा आणले.

"आबा, ह्यो तिसरा बिबट्या झाला आठवड्यातला," ती म्हणायची.

एकदा दाराकडं बघतच मी म्हणालो, "सुजे, त्या काट्यावर मी तुला चढवाय नको हुतं."

तिनं चमचा ताटात ठेवल्याचं वाजलं. मग म्हणाली, "तुम्ही एकदाच चढवलंत. मी त्यानंतर रोज चढत होते. फोन उघडला की चढायचे." पुढं म्हणाली, "पण तुम्ही हसला होता, ते लागलं होतं." तिनं माझं ओझं हलकं केलं नाही, आणि खोटंही बोलली नाही. हे बरं केलं.

कापणीनंतर पुण्याच्या तपासणीसाठी म्हणून कुसगावला बापाकडं गेली. चेहऱ्यावर थोडी टवटवी आली होती. पण लांबलेल्या उपासमारीनं हृदय आतून थकलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. झोपेतच गेली. लोक म्हणतात, मोबाईलनं पोरगी खाल्ली. मी मान हलवत नाही. मोबाईल होता, आणि मीही होतो.

मंगल अजून माझ्याकडंच आहे. काल म्हणाली, "आबा, भिंतीला टेकून सरळ बसा की जेवाय." मी काही हललो नाही. दाराकडं तोंड करून बसतो, म्हशीचं काहीतरी बोलतो आणि माझा घास लांबवतो. शेजारी बघत नाही. बघितलं नाही की वाटतं, तिचं अजून जेवण चाललंय...