अठ्ठेचाळीस मात्रांचं मौन

माझ्या वादनाने देवासच्या दोन्ही गाद्या एकाच दिवशी हादरल्या आहेत. वाजवला मी एकच ठोका, तोही नको तेव्हा.

धारेहून मी देवासला मामांकडे आलो, तो एका सरदारांच्या बँडात मोठा ढोल वाजवायला. नोकरी कच्ची. दसऱ्याला नीट वाजवलं तर पक्की, नाहीतर चला परत धारेला! बँडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "वाजवायला कोणीही शिकतं. तुम्ही थांबायला शिका. रिकामी जागा आली की मनात मात्रा मोजायच्या. तेही संगीतच."

"तेवढ्यात तपकीर ओढली तर?"

"तर पुढचा ठोका तुमच्या पाठीवर!"

(आमच्या घरात सात पिढ्यांत सलग आठ मात्रा कोणी गप्प बसलेलं नाही. आजोबा तर झोपेतही शेजाऱ्यांची भांडणं सोडवत!)

दसऱ्याच्या चालीत माझ्या वाट्याला अठ्ठेचाळीस मात्रा मौन, मग एक ठोका. तेवढ्यात सरदारसाहेब शिडीने हत्तीवर चढणार (त्यांचा घेर पाहता अठ्ठेचाळीसही कमीच!), माझ्या ठोक्यावर उखळीचा बार उडणार आणि मिरवणूक निघणार.

मी मोजू लागलो. पाय शिवशिवले, नाक खाजलं, हातातली काठी आपोआप ढोलाकडे सरकू लागली. बारा, तेरा... आणि गर्दीतून आमची आत्या! खास मला ऐकायला धारेहून बैलगाडीने आलेली.

"अरे बाळ्या, सगळे वाजवताहेत, तू का खांबासारखा उभा?"

बोललो तर मोजणी गेली! मी नुसतं डोळ्यांनी विनवलं. आत्याला वाटलं, पोरगं रडतंय.

"भिया, हमारे बच्चे को बजाने नी दे रहे!" तिने शेजारच्या हलवायाकडे गाऱ्हाणं मांडलं.

"भूखा होगा, बाई."

झालं! आत्याने माझ्या तोंडात अख्खा बेसनलाडू कोंबला. सत्तावीस झाले की सदतीस? लाडवाला ठाऊक! इतक्यात चालीत विराम आला, सगळे श्वास घ्यायला थांबले. सगळीकडे चिडीचूप.

"बघ, सगळे तुझ्यासाठीच थांबले! हाण!" आत्या ओरडली.

मी हाणला.

उखळीवाल्याने बत्ती लावली. बार उडाला. बसलेला हत्ती ताडकन उठला. सरदारसाहेब शिडीवर, शिडी हत्तीवर आणि हत्ती सोनकच्छच्या रस्त्यावर! देवासात गाद्या दोन, एकाच गावात दोन राजे. इकडचा बार ऐकून तिकडच्यांना वाटलं, आपण मागे पडलो. त्यांनी लागोपाठ पाच उडवले. हत्तीने वेग वाढवला!

शेवटी एका ज्वारीच्या शेतात हत्तीला भूक आठवली, म्हणून साहेब धडधाकट उतरले. फेटा तेवढा ज्वारीबरोबर गेला.

"मास्तर, माझी नोकरी?" मी उरलासुरला लाडू गिळत विचारलं.

"अहो, पोराचा ठोका अख्ख्या गावाने ऐकला," आत्या मध्येच म्हणाली, "असा वादक सोडता होय?"

मास्तरांनी आधी माझ्या हातातली काठी काढून घेतली. मग म्हणाले, "ठेवतो. पण निशाण धरायला. दोन्ही हातांनी!"

तेव्हापासून मी बँडात सगळ्यांच्या पुढे चालतो. धारेत लोक मला थोर वादक समजतात, मीही त्यांचं मन मोडत नाही. आणि खोटं कशाला सांगू, त्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्या बँडात एकदाही न चुकलेला वादक मी एकटाच!