मॅथ्यू अंकलच्या झाडाची करवंटी

मंडळी, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी आज सकाळचं ऐका.

मांजर्लीतल्या आमच्या सोसायटीमागे रबराचं एक झाड आहे. शेजारच्या मॅथ्यू अंकलनी केरळहून रोप आणून वाढवलेलं. ते पहाटेच खोडाला तिरका काप द्यायचे आणि खाली करवंटी बांधायचे. ऊन चढलं की चीक आटतो, म्हणायचे. अंकल वारले, आंटी गावी परतल्या. त्यानंतर झाडाला कोणी हात लावला नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आज सकाळी आमची मांजर शोधत मी झाडामागे, भिंतीच्या बाजूला गेले. खोडावर तसाच तिरका काप, अगदी ताजा. करवंटी पांढऱ्याशुभ्र चिकाने काठोकाठ भरलेली.

वॉचमन म्हणाला, "ताई, रातभर गेटला कुलूप होतं. कोण येणार?"

मी आंटींना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "चीक किती आलाय?"

"करवंटी भरलीय, आंटी."

त्या म्हणाल्या, "काप बंद पडलेलं झाड पहिल्या दिवशी थोडंसंच देतं, बेटा. नेमाने कापत राहिलं, तरच करवंटी भरते."

म्हणजे आजचा काप पहिला नव्हता.

"रिकामी करून परत बांध," आंटी हळूच म्हणाल्या. "उद्या लागेल त्यांना."

मी बांधून आले. तुम्ही काय केलं असतंत?