मालकाचं रक्त

मी गुरांची डॉक्टर झाले याचं आईला फार कौतुक. पण ते तिने कधी सरळ बोलून दाखवलं नाही. "माणसांची झाली असतीस तर माझ्या गुडघ्याला तरी उपयोगी पडली असतीस गो," हे तिचं ठरलेलं वाक्य. पाहुणे असले की त्यात भर पडायची, "आता हिला दाखवायचं तर आधी मला शिंगं फुटायला हवीत."

संशोधनासाठी मी ब्रुसेलोसिस हा विषय घेतला. या आजाराने गाभण जनावरं गाभडतात, म्हणजे दिवस भरायच्या आधीच वासरू पडतं. जंतू पडलेल्या वासरात, त्यामागून पडणाऱ्या जारेत आणि कच्च्या दुधात असतात, आणि तिथून माणसात येतात. मग त्या माणसाला महिनोन्‌महिने संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी. बहुतेकांवर टायफॉइड समजून औषधोपचार होत राहतात. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या काही गावांत जाऊन गुरांचं आणि त्यांच्या मालकांचं रक्त तपासायचं, हे माझं काम. माणसांचं रक्त काढायला सोबत एक नर्स असायची.

मालक शोधणं अगदी सोपं होतं. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर मोबाइलमध्ये टाकला की मालकाचं नाव समोर येतं. त्या नावाच्या माणसाला बाही वर करायला सांगायचं, झालं. या सोपेपणावर मी जाम खूश होते.

आसनगावजवळचं आमचं गावही यादीत होतं. आमच्या तांबडीच्या बिल्ल्यावर नाव बाबांचं. बाबा सकाळच्या लोकलने कल्याणला कामाला जातात ते अंधार पडल्यावरच परततात. गायीची आणि त्यांची भेट रविवारी, तीही लांबून. एकदा ते तांबडी समजून शेजाऱ्यांची गाय घेऊन आले होते, आणि आईने ती गोष्ट अजून जुनी होऊ दिलेली नाही. त्या बाबांनी एका रविवारी डोळे घट्ट मिटून मालक म्हणून रक्त दिलं. तांबडीला धरून आई उभी होती.

"मला बी ताप येतो गो संध्याकाळचा," आई म्हणाली. "तांबडी गाभडली ना, त्याच्या तिसऱ्या हप्त्यापासून."

मी नळीवर नंबर लिहीत होते. "आई, तुला काही ना काही होतच असतं," मी मान वर न करता म्हणाले.

तांबडीची तपासणी पॉझिटिव्ह आली, बाबांची निगेटिव्ह. गाय वेगळी बांधा, दूध उकळल्याशिवाय कोणी पिऊ नका, असं मी घरच्यांना शिक्षिकेच्या आवाजात बजावलं आणि फॉर्मवर आमच्या घरापुढे बरोबरची खूण केली. पुढे फोनवर आई दोनदा तापाचं बोलली. गावातल्या डॉक्टरने टायफॉइडची इंजेक्शनं सुरू केली होती. मी म्हटलं, कोर्स अर्धवट सोडू नकोस. तेवढं सांगून मला फार जबाबदार वाटलं.

माझे डोळे उघडले ते खर्डीजवळच्या एका पाड्यावर. तिथले मालक खास दाढी करून तयार बसले होते. आता गाय धरा म्हटल्यावर ते उठले, गोठ्यात दोन पावलं गेले आणि गायीने लाथ उगारल्यावर तीन पावलं मागे आले.

"थांबा मॅडम, हिला बोलावतो."

त्यांची बायको शेणाचे हात घेऊनच आली. तिने गायीच्या मानेवर हात ठेवला, आणि गाय उभी राहिली. आम्ही गायीचं रक्त घेतलं, मग मालकांचं, आणि दोन्ही नळ्या बर्फाच्या डब्यात शेजारी ठेवल्या. ती दोघं इतकी जवळ बहुधा पहिल्यांदाच आली असावीत.

"माझं रगत नको काय?" बाईने विचारलं.

"गाय तुमच्या नावावर नाही ना."

"नावावर नाय. पन वासरू मेलं तवा आत हात घालून काढलं मी. हे तिकडं पडवीत हुते."

"मला नाय बघवत ते," मालक प्रामाणिकपणे म्हणाले.

मला हसू आलं, आणि पुढच्याच क्षणी आई आठवली. आमच्या तांबडीची जार कोणी काढली असेल हे मला कोणाला विचारायची गरज नव्हती. कोपरापर्यंत हात घालून, आणि मग तेच हात गोठ्यातल्या बादलीत धुऊन. त्या बाईचं रक्त घेतलं आणि नर्सला घेऊन मी तडक घर गाठलं.

"फुटली म्हणायची शिंगं," आई हात पुढे करत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर तिच्या रक्तातल्या पाण्याचा एक थेंब घेतला, त्यात गुलाबी रंगाचा थेंब मिसळला आणि फरशी हळूहळू हलवत राहिले. थेंब एकसारखा गुलाबी राहिला तर आजार नाही. मी तो तसाच राहावा म्हणून देवाची करुणा भाकत होते, आणि तो दूध नासावं तसा फुटला.

कल्याणच्या मोठ्या डॉक्टरांनी आणखी तपासण्या केल्या. सहा आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी पुढे ताप गेला, पण कंबर अजून धरते. मणक्याला सूज आली होती.

ताप कधीपासून, असं त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं तेव्हा आईने सगळं क्रमाने सांगितलं: गाय कधी गाभडली, त्यानंतर किती दिवसांनी अंग तापलं, घाम कधी सुटतो. मी दीड वर्ष पुस्तकांतून शोधत होते ते ती पाच मिनिटांत बोलली. डॉक्टर लिहायचे थांबले.

"इतकं स्पष्ट कळत होतं, तर आधी कोणाला सांगितलं का नाहीत?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"नाय ओ डॉक्टर," ती म्हणाली. "मीच बोलले नाय कुनाला."

तीन वेळा सांगितलं होतं तिने मला. परत येताना रिक्षात ती माझ्या चुरगळलेल्या ओढणीवर बोलली, रिक्षावाल्याच्या गाण्यांवर बोलली, बाबांवर तर बोललीच. त्या एका गोष्टीवर मात्र अक्षर काढलं नाही. तिने तेव्हा मला मनसोक्त चिडवलं असतं तर मी रिक्षात तशी रडले नसते.